पाकिटावरचा ळ

४ मार्च

वन्सं,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग घालायची पद्धत आहे, पण माझ्या गुडघ्याला ती कागदावरसुद्धा सोसणार नाही. तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार.

फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणणार. फोन सूनबाईने घेऊन दिलाय, चालूही तिनेच करून दिलाय, आणि मला बोलायचंय तिच्याचबद्दल. त्या डबीत काय काय बसवलेलं असतं ते मला कळत नाही. पाकीट मी स्वतः चिकटवते, स्वतः पेटीत टाकते, एवढं मला कळतं.

तुमचे भाऊ गेल्यापासून मी गल्लीतल्या चौघांची ऑनलाइन दुकानं सांभाळते, हे तुम्हाला माहीत आहे. खालचे घड्याळवाले, मेणबत्तीवाली, लाकडी खेळणी करणारा सुतार आणि जुनी बटणं विकणाऱ्या बाई. माल त्यांचा, हात त्यांचे; फोटो टाकणं, वर्णन लिहिणं, गिऱ्हाइकांच्या किरकिरीला गोड उत्तरं देणं माझ्याकडे. बाजाराच्या साइटवर चौघांची चार खाती, चार पासवर्ड. माझ्या ब्राउझरमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं, खिडकीचा रंगही वेगळा. एका छताखाली चार बिऱ्हाडं, पण कुणाची चूल कुणाला दिसत नाही, असा माझा समज होता.

गेल्या सोमवारी चारही खाती एकदम बंद झाली. चौघांना एकच निरोप: ‘आपले खाते, नियमभंगामुळे बंद केलेल्या दुसऱ्या एका खात्याशी जोडलेले आढळले.’ कुठलं दुसरं खातं? विचारलं तर तेच वाक्य पुन्हा येतं. चौघेही माझ्याकडे असे बघतात की जिना उतरायची लाज वाटते.

माझ्या कॉम्प्युटरला हात लावणारं घरात दुसरं कोण आहे? तुमच्या भाच्याला फ्रिजचं दार नीट लावता येत नाही. राहिली सूनबाई. वन्सं, तुमचे भाऊ गेले तेव्हा महिनाभर ही मुलगी माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. तिच्यावर संशय घेताना माझी जीभ पोळते. पण कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. तुम्ही कचेरीत जन्म काढलात, लोकांची लबाडी जवळून पाहिलीत. मला नीट सांगा.

तुमची,
वहिनी


११ मार्च

वहिनी,

अक्षर बघून वाटलं असेल, हे पत्र कोंबडीने लिहिलंय. डाव्या हाताने लिहिते आहे. जानेवारीत न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. हाड नीट जुळलं नाही म्हणून पुन्हा प्लास्टर घातलंय. तुला कळवलं नाही, कारण तू तो गुडघा घेऊन माझी सेवा करायला आली असतीस आणि मग मला एका हाताने तुझी सेवा करावी लागली असती.

तुझ्या खात्यांचं वाचून वाईट वाटलं. मला तीन गोष्टी कळव. त्या बंद झालेल्या खात्याचं नाव कुठे लिहिलेलं होतं का? गेल्या दोन-तीन महिन्यांत तू बाजाराकडे कुणाची तक्रार केली होतीस का? हल्ली तिथे कुणीही कुणाबद्दल लिहून पाठवतं, म्हणून विचारते. आणि दादाची अक्षरं अजून तुझ्या मशीनवर आहेत का? तिसरं उगाच आठवलं म्हणून.

सुनेबद्दल काय सांगू? मला ती कधी वाईट वाटली नाही. पण मी तिला पाहिलंय किती? चार दिवस पाहुणी म्हणून आले की सगळ्याच सुना चांगल्या दिसतात. तू डोळे उघडे ठेव, एवढंच म्हणते.

तुझी नणंद


१६ मार्च

वन्सं,

मनगटाचं मला इतके दिवस कळू दिलं नाहीत. आता रागावायला माझ्याकडे वेळ नाही, ते नंतर.

तुमचे प्रश्न पोलिसांसारखे आहेत. नाव कुठेही नव्हतं. तक्रार मी कशाला कुणाची करू? मला चौघांचीच कामं उरकत नाहीत. आणि ‘त्यांची’ अक्षरं आहेत, जाणार कुठे? हात थरथरायला लागल्यावर पाट्या रंगवणं सुटलं, तेव्हा दोन वर्षं बसून त्यांनी आपल्याच जुन्या पाट्यांवरून एकेक अक्षर उचललं आणि त्याचा फाँट करवून घेतला. मी वाणसामानसुद्धा त्यात लिहून छापते. दुकानदार हसतो, हसू दे. शेवटच्या दिवसांत मला म्हणाले होते, ‘ही फक्त तुझ्याकडे राहतील.’ पाट्यांवरचा रंग उडून जाईल, भिंती पडतील, पण माझ्याकडे त्यांचा हात शाबूत आहे.

आता इथलं ऐका. परवा दळण घेऊन आले तर सूनबाई माझ्या कॉम्प्युटरसमोर. मला बघताच खिडकी बंद. ‘काही नाही आई, बातम्या बघत होते.’ शेजारी कागदावर तिने पत्ते उतरवून घेतले होते. बातम्या बघताना पत्ते कोण उतरवतं?

त्याच संध्याकाळी मला शिकवायला बसली. म्हणे, ‘आई, चौघांची खाती त्यांची त्यांना ठेवू द्या. पासवर्ड तुमच्याकडे नकोतच. बाजारात अशी सोय असते, मालक तुम्हाला मदतनीस म्हणून परवानगी देतो, मग सगळं उघड राहतं.’ म्हणजे खाती बंद पडली ती पडली, आता उरलेल्या कामातूनही मला बाजूला काढायचं. मी ‘बघू’ म्हटलं आणि भाजी निवडायला घेतली.

घड्याळवाले आता समोर आले की खिशातलं घड्याळ काढून बघतात. मेणबत्तीवालीने पासवर्ड परत मागितला. सुताराने नवीन खातं उघडायचा प्रयत्न केला तर तेही दुसऱ्या दिवशी बंद. एवढी कसली नजर आहे यांची? त्यांना कळतं तरी कसं? तुमच्या कचेरीत कुणाला विचारता आलं तर बघा.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

आमच्या जुन्या कचेरीतल्या संगणक विभागाच्या बाईंना गाठलं. चहा पाजला, मग बोलल्या.

त्याला ब्राउझरचा ठसा म्हणतात, बोटाच्या ठशासारखा. तू नाव बदल, पासवर्ड बदल, खिडक्यांना सतरा रंग दे, त्याने काही होत नाही. तू साइट उघडलीस की ती ब्राउझरच्या कानात विचारते: पडदा केवढा? घड्याळ कुठल्या वेळेवर लावलंय? भाषा कोणती? एक चित्र काढून दाखव, कसं काढतोस बघू. ब्राउझर भोळा, विचारलं ते सांगत सुटतो. यातलं एकेक उत्तर हजारो लोकांचं सारखं असतं. पण सगळी एकत्र केली की तसंच दुसरं मशीन सहसा सापडत नाही. तुझी चार बिऱ्हाडं एकाच दारातून ये-जा करत होती आणि दारात पहारेकरी बसला होता. त्याला वाटलं, ही एकच बाई वेष बदलून येते. सुताराने नवीन खातं उघडलं ते तुझ्याच मशीनवर ना? मग झालं.

ते पाचवं, आधी बंद झालेलं खातं कुणाचं, ते मला इथून कसं सांगता येणार? कॉम्प्युटरला पासवर्ड घाल, तुझा तुला माहीत असलेला. खोलीला कडी लाव म्हणत नाही, पण लावलीस तरी बिघडत नाही.

सुनेला आधी सरळ विचारावं असं एक मन सांगतं. दुसरं मन सांगतं, विचारलं की परत घेता येत नाही. तुला तिथे जे दिसतं ते मला दिसत नाही, म्हणून मी यात पडत नाही.

प्लास्टर अजून आहे. खाज सुटते, त्यापेक्षा दुखलेलं बरं.

तुझी नणंद


३० मार्च

वन्सं,

तुमचं पत्र घेऊन मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेले. मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘लिहिणाऱ्याला बरंच कळतं, पण मुख्य गोष्ट राहिली. मशीनवर कुठले फाँट आहेत, तेही साइट बघते.’ मग माझं मशीन उघडलं, खाली खाली गेल्या आणि थबकल्या. ‘हा कुठला? हा तर मी कुठेच पाहिला नाही.’ मी सांगितलं, आमच्या ह्यांचं अक्षर आहे. त्या म्हणाल्या, ‘मग बाई, भर गर्दीत तुम्ही एकट्याच लाल टोपी घालून फिरताय. चार काय, चाळीस नावं घेतलीत तरी ओळखणार.’

आता बघा, सगळं कसं जुळतं. टोपी जगात एकच, ती माझ्या मशीनच्या डोक्यावर. म्हणजे ते पाचवं खातंही याच मशीनवरून उघडलेलं असणार, दुसरीकडून ओळख पटलीच नसती. आणि या मशीनवर बसतं कोण? मी आणि ती. मी उघडलेलं नाही.

माझ्याच नवऱ्याच्या अक्षरांनी मला चोर दाखवून द्यावा, हे मला घरी येईपर्यंत सुचलं नव्हतं. सुचलं तशी जिन्यातच बसले. घड्याळवाले पाणी घेऊन आले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी तिला रविवारी विचारणार आहे. दोघंही घरी असतात. वन्सं, मला मनापासून वाटतंय की तुम्ही ‘थांब’ म्हणावं. काहीतरी मला दिसत नाहीये असं तुम्ही लिहिलंत तर मी जीभ आवरीन. ही मुलगी घरातून गेली तर तुमचा भाचाही जाईल, आणि मग या दोन खोल्यांत मी आणि चार बंद खाती. तुमच्या पत्राची वाट बघते.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

डाव्या हाताला आता शीण येतो, म्हणून एकेक बटण दाबत टाइप करून छापते आहे. एके काळी सगळी कचेरी माझा वेग बघायला उभी राहायची. पत्ताही छापूनच चिकटवायला सांगितलाय, शेजारीण पेटीत टाकेल.

फाँटचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दुरुस्तीवाल्या बाई म्हणतात तर खरं असेल. मग एक कर, दादाची अक्षरं मशीनवरून काढून टाक. कागदावर छापून ठेव हवी तर. खाती सुटायची असतील तर त्यानेच सुटतील.

सुनेबद्दल तू विचारलंस. घर तुझं, सून तुझी, मी लांबून काय बोलणार? माणसं आपल्याला वाटतात तशी नसतात, एवढं मी पाहिलंय. तू जे करशील ते विचार करूनच करशील.

तब्येतीला जप.

तुझी नणंद


१० एप्रिल

चाळीस वर्षं तुला अहो-जाहो केलं. आज जमत नाही.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. रविवारी मी विचारून मोकळी झाले होते. शनिवारपर्यंत टपालाच्या वेळेला रोज खाली जाऊन उभी राहत होते.

काय झालं ते सांगते. सकाळी ती कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, ‘माझ्या मशीनवरून तू कसलं दुकान चालवतेस ते सांगून टाक.’ तिला आधी मी थट्टा करते असंच वाटलं. मग हातातला चिमटा तसाच धरून म्हणाली, ‘तुम्हाला असं कधीपासून वाटतंय?’ मी म्हटलं, ‘खाती बंद झाली त्या दिवसापासून.’ ती म्हणाली, ‘म्हणजे आत्यांना पत्रं लिहिता ती हीच.’ आणि आत जाऊन तो पत्त्यांचा कागद आणून माझ्यासमोर ठेवला. भाड्याच्या घरांचे पत्ते होते. तिच्या ऑफिसला जायला-यायला निम्मा दिवस जातो, म्हणून ते दोघं जवळ घर बघत होते. नक्की झाल्याशिवाय मला कसं सांगावं, म्हणून लपवत होते. काही पत्त्यांपुढे फुल्या होत्या. त्या कशाच्या, ते तिने सांगितलं नाही. तुझ्या भाच्याने सांगितलं. ती तळमजल्याची घरं होती, माझ्या गुडघ्यासाठी.

सोमवारी दोघं गेले. भांडण नाही, आवाज नाही. पाया पडून गेली.

आणि मंगळवारी पोस्टमनने पाकीट दिलं. मी चष्म्याशिवाय घेतलं, तरी ओळखलं. माझ्या नावाचा पत्ता माझ्या नवऱ्याच्या हातचा. ‘घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला.’ घड्याळातला ळ. त्यांच्या ळ चं दुसरं पोट नेहमी पहिल्यापेक्षा लहान, मी त्यावरून त्यांना आयुष्यभर चिडवलं. एक क्षण, वन्सं, अगदी एकच क्षण मला वाटलं की त्यांनीच पत्र पाठवलंय. मी पाकीट छातीशी धरलं. घड्याळवाले विचारत होते, बरं वाटत नाही का.

मग डोकं चालायला लागलं. टोप्या दोन आहेत. आणि दोन्ही लॅपटॉप त्यांनीच एका दिवशी, एका दुकानातून आणले होते, एक तुला, एक मला, आणि बसून दोन्ही सारखे लावून दिले होते. ठसा एकच निघणार नाही तर काय?

तुला ठसा कळला, पडदा कळला, घड्याळ कळलं, नेमके फाँट तेवढे कळले नाहीत. मी ‘थांब म्हण’ असं लिहिलं होतं. तीन अक्षरंसुद्धा नाहीत त्या शब्दात. तू मला ‘तब्येतीला जप’ लिहिलंस.

ते पाचवं खातं तुझं आहे का, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.


१७ एप्रिल

वहिनी,

हो, माझं आहे.

बाकी लिहू नकोस म्हणालीस, पण लिहिते. वाचायचं नसेल तर फाडून टाक. डाव्या हाताने लिहिते आहे, छापायचा धीर नाही.

फाँट दादाने मलाही दिला होता. ‘वहिनीला सांगू नकोस, तिला वाटतं तिच्या एकटीकडेच आहे, तिला तसंच वाटू दे,’ असं म्हणाला होता. सगळे त्याला दादा म्हणायचे, पण होता तो माझ्याहून धाकटा; लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना त्याचा हात मी धरलेला आहे, तो ळ मी शिकवलेला आहे, माझंच दुसरं पोट लहान यायचं. मला वाटलं, माझाही काही हक्क असेल. मी बाजारात एक छोटं दुकान काढलं. लोक आपली नावं पाठवायचे, मी दादाच्या अक्षरात पाकिटांवर आणि दाराच्या पाट्यांवर छापून द्यायची. तुझा पत्ता शेजारणीने त्याच पाकिटांच्या नमुन्यात छापला, माझ्या लक्षात आलं नाही. तुला कसं सांगणार होते? तू म्हणाली असतीस, नवऱ्याचा हात विकायला काढला.

मनगट मोडलं आणि मालाला उशीर झाला. तक्रारी गेल्या, फेब्रुवारीत खातं बंद झालं. खरं सांगायचं तर मला वाटलं तूच तक्रार केलीस. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या घरी तू ते अक्षर पाहिलंस आणि मला काही न बोलता बाजाराला कळवलंस, असं मी मनात धरून बसले होते. म्हणून ते प्रश्न. तुझ्या दुसऱ्या पत्राने कळलं की तुला काही माहीत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या बाईंनी फाँटचं सांगितलं होतं, मी लिहिताना गाळलं. वाटलं, खाती चार दिवसांत आपोआप सुटतील आणि कुणाला काही कळणार नाही. सुनेचं इतक्या थराला जाईल हे मला दिसत होतं आणि तरी मी बघत बसले. याला मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

अक्षरं माझ्या मशीनवरून काढून टाकली. बाजाराला पत्र लिहिलं आहे की खातं माझं, मशीन माझं, चूक माझी, आणि त्या चौघांचा माझ्याशी काही संबंध नाही. त्याची एक प्रत सुनेच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवली. पाकिटावर पत्ता हातानेच लिहिला.

नणंद


१४ मे

वन्सं,

पुन्हा अहो-जाहो करते आहे. राग गेला म्हणून की वाढला म्हणून, ते मलाही अजून कळलेलं नाही. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला एवढे दिवस लागले, कारण रोज लिहायला बसले की नुसत्या शिव्या सुचायच्या, आणि त्या तुम्हाला घालायच्या की मला हे ठरत नव्हतं. तिला घरातून घालवलं ते तुमच्या पत्राने नव्हे, माझ्या तोंडाने.

चारही खाती सुरू झाली. तुमचं पत्र मिळाल्यावर सूनबाईने बाजाराकडे रीतसर अर्ज केला. दोन मशीन, दोन बाया, दोन गावं, सगळं समजावून लिहिलं. मला तिने त्यातलं काही कळवलं नव्हतं, घड्याळवाल्यांकडून समजलं. आता ज्याचं खातं त्याच्याच फोनवर, शिरायचा आकडाही त्याच्याच फोनवर येतो, आणि माझं नाव प्रत्येकाकडे मदतनीस म्हणून उघड लिहिलेलं आहे. मी भाजी निवडत ऐकलं होतं तेच सगळं. नेटच्या कामासाठी नवीन साधं मशीन घेतलं. जुनं कपाटात आहे, त्याला नेट नाही. वाणसामान हाताने लिहिते.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. न बोलावता. दुसरा मजला आहे, जिन्यात तीनदा थांबले. तिने दार उघडलं, पाणी दिलं, खुर्चीवर उशी ठेवली. मी म्हटलं, ‘माझं चुकलं. खूप चुकलं.’ ती म्हणाली, ‘असू दे आई, तुमच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं.’ वन्सं, ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तुमचा भाचा खिडकीतून बाहेर काय बघत होता देव जाणे, समोर नुसती भिंत आहे.

मग मी विचारलं, बाजाराचं उत्तर आलं ते मला वाचता येईल का? फोनवर माझ्या डोळ्यांना दिसत नाही. ‘हो, का नाही,’ म्हणून तिने स्वतःचा लॅपटॉप आणला. त्यावर तिचं काहीतरी उघडं होतं, कुणाचा तरी फोटो, अर्धं लिहिलेलं पत्र. माझ्यासमोर ठेवायच्या आधी तिने ते सगळं बंद केलं आणि एक नवी खिडकी उघडली. पांढरी, कोरी, आधीची कसलीच खूण नसलेली. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, ‘यात तुमचं बघा आई, बंद केलं की सगळं पुसलं जातं. काही मागे राहत नाही.’

बरोबरच आहे. दुसऱ्याच्या मशीनवर असंच उघडायचं असतं, दुरुस्तीवाल्या बाईंनीही हेच सांगितलं होतं. ती काळजीने करत होती की मला दाखवून देत होती, ते मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. चेहरा नेहमीसारखाच हसरा होता. विचारायचा हक्क मी एप्रिलातल्या त्या रविवारीच घालवून बसले आहे.

मी चष्मा लावला. त्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे एरवी वापरणाऱ्याचं नाव येतं, तिथे लिहिलं होतं: अतिथी.

वहिनी